उरलेलं काम दिसलं पाहिजे

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये दुरुस्तीला आलेला कुठलाही अँड्रॉइड फोन घ्या, त्याच्या मुळाशी लिनक्सचं कर्नल असतं. धुळ्यात एखाद्या दुकानात लग्नाची चित्रफीत लावून दाखवतात ती बऱ्याचदा व्हीएलसीवर. पतसंस्थेची, शाळेची, कृषी केंद्राची वेबसाइट वर्डप्रेसवर उभी असते आणि अभियांत्रिकी कॉलेजच्या प्रयोगशाळेत उबुंटू चालू असतं. हे सगळं मुक्तस्रोत, म्हणजे ओपन सोर्स. त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, बदललेली प्रत पुढे द्यावी, अशी परवानगी परवान्यातच लिहिलेली असते. वापरणारे लाखांनी आहेत. पण यातल्या एखाद्या प्रकल्पात आपल्या भागातलं कोण काम करतं असं विचारलं, की बहुतेक ठिकाणी माना हलतात.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं : आपल्या लोकांना फुकट वापरायला पाहिजे, करायला नको. मला ते पटत नाही. याच खानदेशात हरिनाम सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी हजारोंची पंगत उठते आणि वाढप्यांना कुणी आवतण दिलेलं नसतं. समोरच्या पत्रावळीतली बट्टी संपलेली दिसते, टोपली कुठे ठेवलीय ते दिसतं, आधीचा वाढपी कसं वाढतोय तेही दिसतं. मग माणूस उठतो आणि टोपली उचलतो. फुकट राबायची तयारी आहेच. संगणकाच्या प्रकल्पात रिकामी पत्रावळ कुणाला दिसत नाही, एवढाच फरक.

मुक्तस्रोत प्रकल्पाचं पान पहिल्यांदा उघडणाऱ्याला काय दिसतं ते पाहू. फाइलींची लांबलचक यादी दिसते. खाली रीडमी नावाचा मजकूर असतो. त्यात सॉफ्टवेअर काय करतं, कसं बसवायचं आणि कसं चालवायचं ते लिहिलेलं असतं. म्हणजे तो मजकूर वापरणाऱ्यासाठी असतो. सोबत काम करू पाहणाऱ्यासाठी त्यात फार तर एक ओळ असते, ‘सहभागाचं स्वागत आहे’. लग्नपत्रिकेत तारीख आणि मांडवाचा पत्ता गाळावा तसलं हे स्वागत. उरलेलं काम असतं ते इश्यू नावाच्या वहीत. पण त्या वहीत वापरणाऱ्यांच्या तक्रारी, कुणाची तरी मोठी स्वप्नं, पाच वर्षांपूर्वी सुरू होऊन विझलेले वाद आणि खरोखर करायची कामं, सगळं एकाखाली एक. नोंदी आतल्या माणसांनी आतल्या माणसांसाठी केलेल्या, त्यामुळे तीन शब्दांत आटोपलेल्या. शिवाय महत्त्वाचे निर्णय बरेचदा दोघा-तिघांच्या फोनवर होतात आणि वहीत उतरतच नाहीत. कोड सगळ्यांना खुला, काम मात्र आतल्यांनाच ठाऊक, अशी गत होते.

मराठीला जवळचं एक काम घेऊ. ‘सातपुड्याच्या दऱ्या’ हे शब्द काही ठिकाणी ‘सातपुड्याच्या दर्या’ असे उमटतात आणि डोंगरात समुद्र शिरतो. चूक लिहिणाऱ्याची असतेच असं नाही. ‘ऱ्य’मधला तो आडवा, पापणीसारखा अर्धा र संगणकात दोन प्रकारांनी साठवला जातो. एका प्रकारात ऱ हे वेगळं अक्षर, मग हलन्त, मग य. दुसऱ्या, जुन्या प्रकारात साधा र, हलन्त, त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक नावाचं एक न दिसणारं चिन्ह आणि मग य. मजकूर साफ करणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने ते अदृश्य चिन्ह कचरा समजून काढून टाकलं की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. चिन्ह शाबूत राहिलं तरी शोधताना घोळ होतो : डोळ्यांना दोन्ही शब्द एकसारखे, पण एका प्रकाराने टाइप करून शोधलं तर दुसऱ्या प्रकाराने लिहिलेला मजकूर सापडत नाही.

आता हे काम वहीत कसं नोंदवायचं? ‘मराठी नीट दिसत नाही’ अशी नोंद केली तर ती वर्षभर पडून राहील. जर्मनीतल्या किंवा ब्राझीलमधल्या माणसाला त्यातून काही कळणार नाही आणि चोपड्याच्या विद्यार्थिनीला हे आपण करू शकतो याचा पत्ता लागणार नाही. त्याऐवजी नोंद अशी हवी : ‘दऱ्या, वाऱ्यावर, सुऱ्या, पायऱ्या हे शब्द दोन प्रकारांनी साठवले जातात. दोन्ही प्रकार सोबत दिले आहेत. शोधताना ते एकच मानले गेले पाहिजेत. बदल अमुक फाइलमध्ये होईल. तपासण्यासाठी दहा शब्दांची यादी जोडली आहे. पायथॉनची सुरुवातीची ओळख पुरेशी आहे, एका संध्याकाळचं काम आहे. अडलं तर याच नोंदीखाली विचारा.’ अशी नोंद करायला अर्धा तास जातो. तेवढ्या वेळात प्रकल्प सांभाळणारा, ज्याला मेंटेनर म्हणतात, ती दुरुस्ती स्वतःच करून मोकळा झाला असता. तरीही त्याने ती करू नये असं मला वाटतं. त्याने केली तर एक चूक कमी होईल. नोंदवून ठेवली तर एक माणूस मिळण्याची शक्यता आहे. आणि या कामात दुर्मिळ काय आहे? पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येणारे जगभर आहेत. ‘दर्या’ पाहून खटकणारे डोळे मात्र मराठी माणसाकडेच आहेत.

लिनक्सची सुरुवातही अपुरेपण उघड करण्यानेच झाली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने मिनिक्स ही प्रणाली वापरणाऱ्यांना कळवलं की आपण हौसेखातर एक छोटी प्रणाली करतोय, ती काही फार मोठी होणार नाही. मिनिक्समधलं तुम्हाला काय आवडतं, काय आवडत नाही ते सांगा. आधी सगळं पूर्ण करून, रंगरंगोटी करून जगापुढे आणलं असतं तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि ते आपापल्या कामाला लागले असते.

अपुरेपण दाखवण्याची सर्वांत साधी युक्ती विकिपीडियाने रुळवली. लेखात एखादं नाव आलं आणि त्यावर अजून पान नसलं, की तो दुवा लाल दिसतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर आजही असे लाल दुवे जागोजागी भेटतात. पण त्याहून बारकाईने हे जमवलंय विकिस्रोताने. मराठी विकिस्रोतावर स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं स्कॅन करून चढवतात. प्रत्येक पुस्तकाचं एक अनुक्रमणिका पान असतं आणि त्यावर पुस्तकातल्या एकूण एक पानाचा आकडा एका छोट्या चौकोनात दिसतो. चौकोन लाल असेल तर यंत्राने मजकूर ओळखला आहे, माणसाने तपासलेला नाही. पिवळा असेल तर एकाने मूळ पानाशी ताडून पाहिला आहे. हिरवा असेल तर दुसऱ्याने पुन्हा पाहिला आहे; पिवळं करणाऱ्यालाच ते पान हिरवं करता येत नाही. स्कॅन फाटका किंवा तिरका आला असेल तर निळा. चौकोनावर टिचकी मारली की एका बाजूला जुन्या छापील पानाचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला यंत्राने वाचलेला मजकूर. यंत्राने ‘घ’चा ‘ध’ केलेला असतो, ‘भ’चा ‘म’ केलेला असतो. बस, तेवढं सुधारायचं.

यात काय काय साधलंय पाहा. काम एका पानाएवढं, दहा-पंधरा मिनिटांचं. ते कुठे आहे आणि कितपत झालंय हे कुणाला न विचारता कळतं. केलेलं काम लगेच रंगाने दिसतं. चूक राहिली तर दुसरा पाहणार आहे, त्यामुळे नवख्याला भीती नाही. आणि हे सगळं करायला प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. निवृत्त मराठीच्या शिक्षिका हे काम कुठल्याही इंजिनिअरपेक्षा चांगलं करतील. नकाशांच्या दुनियेतही हीच रीत आहे. जानेवारी २०१०च्या हैती भूकंपानंतर ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या स्वयंसेवकांनी आपत्तीच्या भागाचे चौकोन पाडून वाटून घेण्याची साधनं घडवली : चौकोन निवडा, तो तेवढ्यापुरता तुमच्या नावे बंद होतो, उपग्रहाचं चित्र पाहून रस्ते-घरं रेखाटा, मग दुसरा तपासतो.

धुळेकरांना यात काही ओळखीचं वाटलं तर नवल नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे पुढच्याच वर्षी उभं राहिलं. राजवाड्यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने जे बावीस खंड काढले, त्यांचं नावच बोलकं आहे. दप्तरं धुंडाळून मिळालेली पत्रं त्यांनी स्वतःच्या इतिहासग्रंथासाठी पेटीत दाबून ठेवली नाहीत. कच्चा माल छापून टाकला, सोबत आपली लांबलचक प्रस्तावना जोडली. त्यामुळे पुढच्या अभ्यासकांना तीच पत्रं हाताशी धरून खुद्द राजवाड्यांशी भांडता आलं. राजवाडे स्वभावाने कसे होते याच्या कथा वेगळ्या. सोबत काम करायला ते सोपे नव्हते. पण काम उघड्यावर ठेवण्यात त्यांनी हात आखडता घेतला नाही.

नवख्यांसाठी सोपी कामं वेगळी काढून त्यांवर खूण करण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे. मोझिलावाले ‘पहिला चांगला बग’ म्हणत, कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर ‘पहिला चांगला इश्यू’ अशी चिठ्ठी लावतात आणि त्या चिठ्ठीवरून कामं शोधता येतात. पण चिठ्ठी लावून खाली तीनच शब्द लिहिले असतील तर तिचा उपयोग शून्य. आणखी एक गोम अशी की सांभाळणाऱ्याला जे सोपं वाटतं ते दहा वर्षांच्या सवयीमुळे सोपं वाटत असतं. काम सोपं आहे का, हे शेवटी ज्याने नुकतंच पहिलं काम केलंय त्याला विचारावं.

दाखवायचं काय, यात चूक झाली तर काय होतं ते २०२०च्या ऑक्टोबरमध्ये जगाने पाहिलं. डिजिटलओशन ही कंपनी २०१४पासून हॅक्टोबरफेस्ट भरवते. ऑक्टोबर महिन्यात ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचे प्रस्ताव पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी योजना होती. त्या वर्षी पहिल्याच दिवसापासून नामांकित प्रकल्पांवर प्रस्तावांचा पूर आला. कुणी रीडमीत ‘अप्रतिम प्रकल्प’ एवढं घातलं, कुणी एक स्वल्पविराम हलवला. पाठवणाऱ्यांत भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. सांभाळणारे लोक इतके वैतागले की काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलावा लागला : ज्या प्रकल्पांनी स्वतःहून नाव दिलंय तिथलेच प्रस्ताव मोजायचे. २०२३मध्ये टी-शर्टही बंद केला. त्या पोरांना लबाड म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला वाटतं, त्यांना शर्ट दाखवला गेला, काम दाखवलं गेलं नाही. जे दिसलं त्याच्यामागे ते गेले.

याच्या उलट उदाहरण मुंबईत आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात सायलॅब हे गणिती कामांचं मुक्त सॉफ्टवेअर कॉलेजांत रुजवायचं होतं. त्यासाठी त्यांनी ‘पाठ्यपुस्तक सोबती’ नावाची एक योजना काढली. अभियांत्रिकीचं एखादं प्रचलित पाठ्यपुस्तक निवडायचं आणि त्यातली सोडवून दाखवलेली सगळी उदाहरणं सायलॅबमध्ये लिहून काढायची. कुठली पुस्तकं पूर्ण झाली आणि कुठल्यांवर काम चालू आहे याच्या याद्या उघड्यावर. बरोबर उत्तर काय यायला हवं ते पुस्तकातच छापलेलं, म्हणजे तपासणी सोपी. तपासून काम मंजूर झालं की मानधन आणि प्रमाणपत्र. इथेही आमिष आहेच, पण ते पूर्ण झालेल्या आणि तपासलेल्या कामाला बांधलेलं आहे. जळगावच्या किंवा शिरपूरच्या विद्यार्थ्याला यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक त्याच्या कपाटात आहेच. मुक्तस्रोत संस्थांना नवी माणसं जोडून देणाऱ्या गूगलच्या ‘समर ऑफ कोड’मध्येही, जो २००५पासून चालू आहे, सहभागी होऊ पाहणाऱ्या संस्थेकडे सर्वांत आधी मागतात ती कल्पनांची यादी : काम काय, किती अवघड, ९०, १७५ की ३५० तासांचं, काय यायला हवं, मार्गदर्शक कोण. संस्थेची निवड करताना ही यादी फार गंभीरपणे पाहिली जाते. कारण ज्याला आपलं उरलेलं काम नीट मांडता येत नाही, त्याला माणसं दिली तरी तो त्यांचं काय करणार?

आपल्याकडच्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट नावाचा एक सोहळा असतो. चार जण मिळून उपस्थितीपट नाही तर ग्रंथालयाची प्रणाली बनवतात, सोनेरी अक्षरांचा काळा जाडजूड अहवाल बांधून घेतात, तोंडी परीक्षा होते आणि अहवाल विभागाच्या कपाटात जातो. पुढच्या वर्षी दुसरे चौघे पुन्हा पहिल्यापासून उपस्थितीपट बनवतात. मागच्यांचा कोड उघडा ठेवला आणि ‘हे झालं, हे अर्धवट राहिलं, हे जमलं नाही’ अशी दोन पानं जोडली, तर कपाट थोडं रिकामं होईल आणि नव्यांना खरोखरच्या प्रकल्पात घडतं तसं दुसऱ्याचं काम पुढे नेण्याचं शिक्षण मिळेल. नोकरीत तेच करायचं असतं.

भाषेचा प्रश्न उरतोच : काम दाखवायचं कुठल्या भाषेत? चाळीसगावजवळच्या पाटणला, पाटणादेवीच्या परिसरात, शके ११२८चा म्हणजे इ.स. १२०७च्या सुमाराचा शिलालेख आहे; एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांपुढे आणला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला आणि निकुंभ वंशातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. वंशावळी, भास्कराचार्यांची थोरवी, हा सगळा भाग संस्कृतात आहे. पण बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा कुठला हक्क मठाला दिला, दर घाण्यामागे पळीभर तेल द्यायचं, असा तपशील आला की लेख जुन्या मराठीत उतरतो. थोरवी कुणाला कळो न कळो, पण ज्या तेल्याने पळी मोजायची त्याला मजकूर समजलाच पाहिजे, हे त्या काळच्या लेखकाला ठाऊक होतं. आज मराठीच्या प्रकल्पांची सहभागाची पानंसुद्धा बरेचदा इंग्रजीत असतात. कोड इंग्रजीत राहू द्या, त्याला इलाज नाही. पण ‘हे तपासून द्या’ अशी मागणी ज्याच्याकडून आहे, त्याला ती मराठीत वाचायला मिळायला नको का?

काम दिसू लागलं म्हणजे सगळं निभावलं असंही नाही. एप्रिल २०१४मध्ये हार्टब्लीड नावाचा दोष उघडकीस आला, तेव्हा कळलं की जगभरच्या वेबसाइटांची सुरक्षा ज्यावर उभी आहे ते ओपनएसएसएल हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं तुटपुंज्या देणग्यांवर सांभाळत होती. तिथे काम दिसत नव्हतं. मार्च २०२४मध्ये एक्सझेड या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या प्रकरणात उलटं झालं. तिथे एकट्याने प्रकल्प सांभाळणाऱ्याचा थकवा चारचौघांत दिसत होता, आणि तोच पाहून कुणीतरी मदतनीस बनून आत शिरलं, दोनेक वर्षं गुणी काम करून विश्वास मिळवला आणि मग चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून खोदत गेलेल्या एका इंजिनिअरमुळे तो सापडला. म्हणून काम उघडं दाखवताना तपासणारे दोन डोळेही जास्तीचे लागतात. विकिस्रोतावर पिवळ्यानंतर हिरवा ठेवलाय तो उगाच नाही. आणि ही तपासणी, प्रश्नांना उत्तरं देणं, जुन्या नोंदी निकालात काढणं, ही कामं प्रकल्पाच्या आतही अदृश्य असतात. सहभागींच्या यादीत कोड लिहिणाऱ्याचं नाव आपोआप चढतं, पण चाळीस जणांना धीराने उत्तरं देणारी राहून जाते. तिचं नाव हाताने लिहावं लागतं.

खानदेशातच सुरू करायचं तर अहिराणी समोर आहे. अहिराणी ज्यात मोजली जाते त्या खानदेशी भाषेखाली २०११च्या जनगणनेत १८ लाखांहून अधिक लोकांची नोंद झाली. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांमध्ये अहिराणीला स्वतंत्र संकेत आहे, म्हणजे सॉफ्टवेअरला ही भाषा ओळखायला सांगता येते. पूर्वेकडच्या रावेर-यावल पट्ट्यातली लेवा बोली, कवयित्री बहिणाबाईंची बोली, अहिराणीत मिसळू नये. दोन याद्या वेगळ्या ठेवाव्यात, नाहीतर पहिल्याच दिवशी भांडण लागेल आणि ते रास्त असेल. कीबोर्ड, शब्दसंग्रह, बोललेल्या आवाजाचे नमुने असं बरंच काही करण्याजोगं आहे. पण ‘अहिराणीला संगणकावर आणा’ असं म्हणून कुणी पुढे येणार नाही. त्यापेक्षा पहिल्या पानावर अशा नोंदी असाव्यात : साक्रीकडच्या शेतीच्या अवजारांची पन्नास नावं, प्रत्येकाचा फोटो, अमळनेरकडे त्याच वस्तूला वेगळं म्हणतात का, ते दुसऱ्या रकान्यात; एका आजीच्या तोंडून ऐकलेल्या दहा म्हणी, तिची परवानगी घेऊन रेकॉर्ड केलेल्या, प्रत्येकी अर्ध्या मिनिटाच्या; ‘ळ’च्या जागी ‘य’ बोलतात तिथे लिहिताना काय करायचं, याबद्दल पाच लेखकांचं मत. प्रत्येक नोंदीपुढे लागणारा वेळ, काम कुणी घेतलंय ते, आणि अडलं तर कुणाला विचारायचं त्याचं नाव.